भिंतीपलीकडून शिकलेलं लीड

भिंगरे,

सगळ्यात आधी आला तो तुझ्या बँडमधला ड्रमवाला, टायरच्या दुकानातून तसाच, काळ्या हातांनी. मागोमाग जाड तारांची गिटार वाजवणारा लांब्या. (अजून तसाच वाळका. चष्म्याच्या दुकानात नोकरी, आणि स्वतःच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली.) पण थांब, आधी आशीर्वाद घे, पोटभर. तब्येत कशी आहे? फोनवर ‘बरी आहे’ म्हणतेस ते मी धरत नाही, तापाने फणफणलेलं माणूसही तेच म्हणतं. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात.

तर दोघं आले ते तुझी गिटार मागायला. म्हणे तू परगावी जाऊन आठ महिने झाले, नवा लीडवाला, म्हणजे सगळ्यांच्या पुढे राहून मुख्य सूर वाजवणारा, मिळालाय, त्याच्याकडे स्वतःची नाही, आणि ही तर तिघांनी मिळून घेतलेली. ती गेली तर तुझ्या खोलीत उरणार काय, इस्त्रीचं टेबल? तोंडातून निघूनच गेलं, “ती रिकामी नाही. मी वाजवते.”

लांब्या म्हणाला, “आजी, तुम्ही? लीड?”

“मग काय, या वयात कोणाच्या मागे मागे वाजवू?”

आता खरं सांगते. तू गेल्यावर मी ती नुसती पुसायचे. मग एकदा वायर त्या आवाजाच्या डब्यात खोचली, तर असा भोंगा झाला की शेजारीण डोक्याचा साबण न धुताच बाहेर आली. पुढे आवाज कमी करायचं बटण सापडलं. (एक तार तुटली. रागावू नकोस, तुझ्या खणात दुसरी होती.) चाळीस वर्षं शिंप्याकडे काजं केली, बोटं इतकी राठ झालीत की दुखत असेल तर तारेलाच. चार वर्षं भाजी निवडताना भिंतीपलीकडून ऐकलेलं तुझं ते गाणं एकेक सूर चाचपत हुडकलं. तार ओढून सूर रडवायचा, तेही जमतं बरं का!

वाजवलं. ड्रमवाल्याने मांडीवर ठेका धरला. मग मी थांबले, मागे गेले, पुन्हा धरलं. पुन्हा तिथेच थांबले, पुन्हा मागे.

“आजी, पुढे?”

“पुढे काय? तीनदा थांबायचं, ‘श्शी’ म्हणायचं आणि खुर्ची सरकवायची.”

दोघं पोट धरधरून हसले. लांब्या चष्मा पुसत म्हणाला, “तिथे तिची करंगळी पोचायची नाही, आजी. आमच्याबरोबर असली की रेटून न्यायची. गाणं अजून बरंच आहे.”

अगं, म्हणजे मी तुझी चूकच पाठ केली! पण हुबेहूब तुझी. ती वाजवली की पलीकडच्या खोलीत तू असतेस, म्हणून मी दिवसातून पाच-सहा वेळा चुकते. पुढचं दाखवा म्हटलं, तर एकाला नुसता ठेका येतो आणि एकाला जाड तारा.

जेवत जा.

तुझी आजी

ता. क. मी त्यांना ठोकून दिलंय की पुढचं तू मला शिकवलंयस, फक्त जरा विसरले. तर एक दिवस येऊन शिकवून जा. आजीला खोटी पाडू नकोस. माझीही करंगळी तिथे पोचत नाही.

आणखी एक. पुढचं ऐकवलं तर गिटार इथेच, नाहीतर ते घेऊन जाणार, असं ठरलंय. येत्या रविवारी चार वाजता येतो म्हणालेत.