केतकीच्या वाढदिवसाच्या अठरा थैल्या

६ नोव्हेंबर १९९४, रविवार

पुन्हा तेच! काल भटनागरांच्या टिनूचा वाढदिवस. हेमंतच्या साहेबांचा मुलगा, त्यामुळे जाणं भागच. येताना केतकीच्या हातात रिटर्न गिफ्ट — चमकी कागदात एक टिकल्यांचं पिस्तूल आणि एक प्लास्टिकची पिपाणी. पिपाणी घरी पोचेपर्यंत तुटली. आतला मणी आमच्या बाईसाहेबांच्या तोंडात! बोट घालून काढला.

हेमंत म्हणतो, "एवढं काय त्यात? सगळेच देतात."

सगळेच देतात म्हणूनच डोकं फिरतं! एकाही बाईला घटकाभर वाटत नाही की हे मूल घरी जाऊन या वस्तूचं काय करील.

१९ तारखेला केतकी सहा वर्षांची होईल. असला कचरा मी वाटणार नाही. नाही म्हणजे नाही.

८ नोव्हेंबर, मंगळवार

सुचलं! सकाळी शाळेच्या बसपाशी उभी होते. निम्म्या मुलांचे डबे पॉलिथिनच्या पिशव्यांत. सोनलची पिशवी फाटली, डबा उघडला, पोळी-भाजी रस्त्यावर. सोनल म्हणजे सुधाची मुलगी, केतकीच्याच वर्गातली. वडील दिलीप, कारखान्यात फिटर. पोर रडली नाही. पोळी झटकली, परत डब्यात ठेवली, झाकण लावलं. बघवेना मला.

डब्याच्या थैल्या शिवायच्या. जाड कापडाच्या, पक्क्या बंदांच्या. प्रत्येकीवर त्या त्या मुलाचं नाव. अठरा मुलं, अठरा थैल्या. दुपारच्या दुपारी मशीनवर बसलं की होतात.

९ नोव्हेंबर

बिट्टन मार्केटमधून कापड आणलं. खाकी, आत अस्तराला फुलांचं. दुकानदार म्हणे, "बहनजी, तंबू सिलना है क्या?"

११ नोव्हेंबर, शुक्रवार

आज इतकी भांडले की घसा बसलाय.

हेमंत न्यू मार्केटला गेला आणि मला न विचारता कंपास बॉक्स घेऊन आला. चुंबकाचं झाकण, बटण दाबलं की खोडरबराचा कप्पा बाहेर येतो. किती आणले? आठ! मी म्हटलं, मुलं अठरा आहेत. तर म्हणतो, "अगं, मोठ्या क्वार्टरवाल्यांची आठच आहेत. भटनागरांच्या टिनूला कापडी पिशवी देणार का तू? बाकीच्या दहांना थैल्या दे की. त्यांना उपयोगच होईल."

त्यांना! उपयोगच होईल!

हेमंतला माहीत नाही का मी कोण आहे? कारखान्याच्या याच टाउनशिपमधल्या सगळ्यात लहान क्वार्टरमध्ये वाढले मी. दोन खोल्या, सहा माणसं. बाबा फिटर. सात वर्षांची असताना एका मोठ्या साहेबांच्या मुलीच्या वाढदिवसाला गेले होते. बाबा तिथे दिव्यांच्या माळा लावायला होते, म्हणून मलाही बोलावणं. निघताना मुली रांगेत. पुढच्या सगळ्यांना डोळे मिटणाऱ्या बाहुल्या. माझ्यापाशी आल्यावर बाईंनी टोपलीखालून कागदाचा पुडा काढला. त्यात शेव. बाबा शिडीवर होते. त्यांनी पाहिलं. मग मान वळवून बल्ब पिळत राहिले. सत्तावीस वर्षं झाली, अजून शेव खाताना ते आठवतं.

हे सगळं त्याला सुनावलं. लग्नाला दहा वर्षं झाली, शेवेचं पहिल्यांदाच सांगितलं. मग म्हणाला, "बरं. सगळ्यांना थैल्याच. बॉक्स मी परत करतो."

बॉक्स कपाटावर टाकलेत. बघू कधी परत करतोय ते.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

चौदा झाल्या. बोटं सुजलीत, पण मजा येतेय. गोलू रोज पाण्याची बाटली विसरतो, त्याच्या थैलीला बाटलीचा कप्पा. सोनलला रेल्वेचं इंजिन आवडतं, तिला इंजिन भरलं, तीन डब्यांसकट. टिनूला हत्ती. हो, टिनूलाही! त्याचा बाप कोण आहे हे हत्तीला काय करायचंय?

१८ नोव्हेंबर

अठरा पूर्ण. केतकीने नावं वाचून वाचून पलंगावर मांडल्या. बाबा उद्या अशोका गार्डनहून येतील. निवृत्त झाल्यापासून तिथेच भाड्याने राहतात. म्हणाले, "शालू, मी मदतीला सकाळीच येतो."

१९ नोव्हेंबर, शनिवार

माझं रक्त उकळतंय.

पार्टी चांगली झाली. मुलं धुमाकूळ घालून गेली. निघायच्या वेळी मी स्वयंपाकघरात होते, पुऱ्यांचा शेवटचा घाणा कढईत. हेमंत आणि बाबा दारापाशी होते. थैल्यांची टोपली तिथेच ठेवली होती. हात पुसून बाहेर आले तोवर सगळी मुलं गेलेली.

आणि टोपलीत आठ थैल्या! टिनू. रिचा. अंकुर. वरचा हत्ती माझ्याकडे बघतोय! कपाटावर बघितलं. बॉक्स एकही नाही.

बाबा स्कूटररिक्षात बसले आणि मी हेमंतला गाठलं. "हे काय आहे?" त्याने टोपलीकडे बघितलं. म्हणाला, "जाऊ दे ना. झालं ते झालं."

झालं ते झालं! शब्द दिला होतास तू मला. मी तुला शेवेच्या पुड्याचं सांगितलं, आणि तू तेच केलंस. माझ्या घरात. माझ्या बापाच्या डोळ्यांसमोर!

तो फुगे फोडत बसला.

२० नोव्हेंबर, रविवार

बोललेले नाही त्याच्याशी. ताट वाढलं, आपटलं.

२१ नोव्हेंबर, सोमवार

बसपाशी सुधा भेटली. मी तोंड चुकवत होते. तीच आली. म्हणाली, "वहिनी, थैली फार सुरेख हो. पोरगी रात्री उशाशी घेऊन झोपते." मी सुटले असं वाटलं. तर पुढे म्हणाली, "फक्त एक विचारत होती. रिचाला बॉक्स मिळाला, मला का नाही? मी म्हटलं, संपले असतील."

संपले असतील! मला हो म्हणावं लागलं. सुधाला सगळं कळत होतं, आणि मला खोटं बोलायला सोपं जावं म्हणून उत्तरही तिनेच दिलं. भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

घरी येऊन हेमंतला पुन्हा बोलले. घाबरट म्हटलं. साहेबाचा हुजऱ्या म्हटलं. तुझ्यापेक्षा भटनागर बरा, तो निदान सगळ्यांना सारखाच कचरा देतो, असंही म्हटलं. तो बूट घालत होता. मान वर केली नाही. "ऑफिसला उशीर होतोय," एवढंच.

२२ नोव्हेंबर

संध्याकाळी आठही थैल्या घेऊन निघाले. एकेका बंगल्यावर जाऊन दिल्या. मिसेस भटनागर: "अरे वाह, सब्ज़ी लाने के काम आएगा!" मी म्हटलं, "टिनू के टिफिन के लिए है. नाम लिखा है." टिनूने हिसकावूनच घेतली आणि हत्तीची सोंड कुरवाळत आत पळाला. चला, एवढं तरी झालं.

पण त्या दहा मुलांचं काय? न्यू मार्केटच्या त्या दुकानात तसे बॉक्स संपलेत. आणि आता नेऊन दिले तरी काय? "हे घ्या, विसरलो होतो"? त्यापेक्षा मोठा अपमान नाही.

२३ नोव्हेंबर, बुधवार

हेमंत म्हणतो, बोल तरी काहीतरी. मी म्हटलं, उद्या बाबांकडे जाते. त्यांना कळू दे जावई कसा आहे ते. तो एकदम म्हणाला, "बाबांना नको सांगूस. प्लीज." का नको? लाज वाटतेय? आता वाटतेय होय!

सांगणारच.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

अशोका गार्डनला जाऊन आले. मी तोंड उघडायच्या आत बाबाच बोलले. "जावईबापू रागावले तर नाहीत ना गं? मला अडवत होते. पण पोरांच्या देखत सासऱ्याला काय बोलणार! कपाटावर बरोब्बर आठ बॉक्स दिसले, मी लगेच समजलो कोणासाठी असणार. साहेबांच्या पोरांना कापडी थैली दिली असती तर तुझंच हसं झालं असतं, बेटा. मी एकेकाला जवळ घेऊन विचारलं, कौन से क्वार्टर में रहते हो? मग दिलं." आणि मग, इतक्या समाधानाने, "एक नाही चुकला. बरोबर वाटले ना?"

मी हो म्हटलं.