आयस जगाया जाणार

बाई, आज प्रथम वर्षाच्या वर्गात मला शब्दशक्ती शिकवायची होती. मी वर्गात गेले, फळ्यावर तारीख घातली आणि मुलांना सांगितलं, घसा बसलाय, उद्या बघू. घसा ठणठणीत होता. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी हा एक धडा माझ्या तोंडून नीट निघत नाही, म्हणून कॉलेज सुटल्यावर स्टाफरूममध्ये हे लिहीत बसलेय.

तुम्ही मोखाड्याकडच्या आमच्या आश्रमशाळेत आलात तेव्हा मी नववीत होते. तुम्ही साताऱ्याकडच्या, बोलणं पुस्तकातलं. आम्हा मुलींना वाटलं, या काही दिवाळीपर्यंत टिकत नाहीत. तुम्ही टिकलात. मराठीचं पुस्तक मी जूनमध्येच संपवलं, असं मी मिरवत सांगितलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर झापलंत, "वाचलं नाहीस, गिळलंस." आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची बी.ए.ची वही माझ्या हातात ठेवलीत. मग तुमच्या खोलीत, स्टोव्हवर भात शिजत असताना, मी अभिधा, लक्षणा, व्यंजना घोकायला लागले. शब्दाचा सरळ अर्थ, त्याच्या पलीकडचा अर्थ, आणि न बोलता सुचवलेला अर्थ. "'गाव झोपलं' म्हणजे भिंती झोपल्या का गं?" तुम्ही विचारायचात. मुख्याध्यापक हसले होते. "बाई, पी हळद नि हो गोरी, असं होत नसतं. तिचं दहावीचं गणित आधी सुटू द्या." तुम्ही ऐकलं नाहीत. दहावीच्या वर्षी दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की एस.टी.ने तुम्ही मला जव्हारला कॉलेजात न्यायचात. शेवटच्या बाकावर मी, शाळेच्या गणवेशात, आणि पुढे साड्या-ड्रेसमधल्या मुली. तिथले मराठीचे सर म्हणाले, दिवाळीनंतरचा पेपर लिहू दे हिला. शितावरून भाताची परीक्षा होईल. चांगला लिहिला तर पुढचं मी बघतो.

मला तो पेपर किती हवा होता, ते तुम्हालाही ठाऊक नव्हतं. आमच्या पाड्यातली कुणी मुलगी दहावीपर्यंतही पोचली नव्हती, आणि मी कॉलेजाचा पेपर लिहिणार होते.

त्या वर्षी पावसाळाभर आई खोकत होती. बाप आधीच गेलेला. भातकापणीच्या आधी ती बारा दिवस जव्हारच्या दवाखान्यात होती, तुम्हीच तिला दोनदा पेज नेऊन दिलीत. डॉक्टरांनी बजावलं होतं, यंदा हिला कष्टाचं काम नको, छाती उरलेली नाही. मामा बिचारा सांगून थकला. आई त्याचं ऐकायची नाही. माझं ऐकायची, शिकलेली लेक म्हणून.

दिवाळीची सुट्टी संपून आठवडा झाला असेल. शुक्रवारी दुपारी मामाची चिठ्ठी आली. मामा चौथी शिकलेला, अक्षरं वहीच्या ओळीवर उभी राहत नव्हती. "आयस जगाया जाणार. तू घरा ये." मी वाचली आणि तुमच्याकडे दिली. तुम्ही वाचलीत आणि मला जवळ ओढलंत. तुमचे डोळे भरले होते. "अगं, आई जगणार तुझी! आणि लिहिलंय कसं बघ. जगाया जाणार. शिकून सवरून असं लिहिता येत नाही कुणाला." मग म्हणालात, "सोमवारी पेपर झाला की तिथूनच जाऊ दोघी. मी लुगडं घेते तिला."

सोमवारी संध्याकाळी आपण पाड्यावर पोचलो, तुमच्या पिशवीत हिरवं लुगडं. आमच्या झोपडीचं दार सुतळीनं बांधलेलं. शेजारची म्हातारी नागली पाखडत होती, तिनं सूप खाली ठेवलं.

"ती तं काल गेली. मुकादमाचा ट्रक आलाता."

"कुठे गेली?" तुम्ही विचारलंत.

"जगाया. भिवंडीला, भट्टीवर." आणि माझ्याकडे बघून, "लय वाट बघली तुझी. लेक आली आन् नको बोलली तं रेहेन, बोलं."

तुम्ही माझ्याकडे वळलात. मी खाली बघत सांगितलं, की आमच्याकडे दिवाळीनंतर पोटासाठी गाव सोडून वीटभट्ट्यांवर जातात, त्याला जगायला जाणं म्हणतात. तुम्ही आल्यापासून हजेरीपटावर त्याच गोष्टीला 'स्थलांतरित' लिहीत होतात. आमच्या बोलीतले शब्द तुम्ही हौसेनं एका वहीत उतरवायचात, पण हा त्यात नव्हता, कारण तो आपल्याला येतो असं तुम्हाला वाटत होतं. तुम्ही ओट्यावर बसलात आणि तोंडात पदर कोंबून रडलात.

दीड महिन्यानं आईला परत आणलं, ते चादरीत गुंडाळून. ते हिरवं लुगडं तिच्या अंगावर तुम्हीच पांघरलंत. माझा हात धरून म्हणालात, "मी साहित्य शिकवते गं, आणि मला एक ओळ वाचता आली नाही." मार्चनंतर तुम्ही बदली मागून घेतलीत. नंतर दर दिवाळीला तुमचं कार्ड यायचं. खाली एकच प्रश्न, मला माफ केलंस का? आणि मी दर वर्षी उत्तर पाठवलं, केलं, बाई.

काय अधिकार होता मला माफ करण्याचा? चिठ्ठी आधी माझ्या हातात आली होती. तो शब्द मी आईच्या कडेवर असल्यापासून ऐकलेला. वाचता क्षणी मला मुकादम दिसला, विटांची पाटी दिसली, तिची छाती दिसली. शनिवारची सकाळची गाडी धरली असती, तर मी दुपारच्या आत तिच्यासमोर उभी असते. पण मग तिला थांबवून तिच्याजवळ मलाच राहावं लागलं असतं, आणि सोमवारचा पेपर गेला असता. तेवढ्यात तुम्ही 'जगणार' म्हणालात, आणि मला वाटलं, असू दे हाच अर्थ, सोमवारपर्यंत तरी. मी मान हलवली. पेपरात वर्गात पहिली आले. त्या दारासमोर तुम्ही विचारलंत, "तुलाही कळलं नव्हतं ना गं?" आणि मी म्हणाले, नाही.

आता हे टाकायचं कुठल्या पत्त्यावर, असा बहाणा मी करणार नाही. अकरा वर्षं तुमचा पत्ता माझ्याकडे होता.