घण, आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, पद्मिनी शामराव खिरवडकर, वय वर्षे एकोणसाठ, अविवाहित, धंदा ड्रमवादन, राहणार तेलीबांधा, रायपूर, छत्तीसगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या मनानं आणि स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचा दाब नाही. ज्यांनी पूर्वी दाब देऊन पाहिला त्यांचं काय झालं ते खाली येईलच. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर इरावती दाणी म्हणतात, बहुतेक लोक यातून उठतात. बहुतेकांमध्ये मी आजवर कधी बसले नाही, म्हणून हा कागद.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. व्यवस्थापक म्हणून वकील यशोधन बक्षी यांना नेमते. ते म्हणाले, "ताई, मालमत्ता तेवढी लिहा, कहाणी नको." पण कुणाला काय दिलं आणि काहून दिलं हे न लिहिता मी गेले, तर माझा भाऊ कोर्टात जाईल. तेव्हा कहाणीसकट लिहिते.

कलम १. तेलीबांधा तलावामागच्या इमारतीतला तिसऱ्या मजल्यावरचा माझा फ्लॅट, आतल्या सामानासह, आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते, माझी भाची गंधाली नरहरी खिरवडकर हिला निर्वेध मालकीनं द्यावं. सगळं माझ्या कष्टाचं आहे. वडिलोपार्जित त्यात काही नाही. गंधाली नवा रायपुरात नोकरी करते. तिला मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीत देते. मी तुरुंगात होते तेव्हा घरातली ती एकटी भेटायला येत असे. जाळीपलीकडून म्हणायची, "आत्या, मुझे कुछ नहीं चाहिए, आप बस मारपीट मत करो।" ते वचन मी तिला दिलं आणि एक वेळ सोडून पाळलं. अट एकच: तिच्या बापानं त्या घरात मुक्काम करू नये. चहा पिऊन जावं.

कलम २. तडा गेलेली पितळी झांज, जी माझ्या कपाटावर कापडात बांधून ठेवली आहे, ती माझा थोरला भाऊ नरहरी याला द्यावी. त्याला ती ओळखू येईल.

आमचे वडील शामराव रेल्वेच्या कारखान्यात लोहार होते. विश्वकर्मापूजेच्या दिवशी घरच्यांना आत सोडत. मी नऊ वर्षांची असताना त्यांनी मला वाफेवरचा मोठा घण दाखवला. तो दोन घाव लागोपाठ घाली, मग फुसफुसत वर जाई, सात आकडे मोजेपर्यंत थांबे आणि तिसरा घाव घाली. पायाखालची जमीन उसळे. बाबांनी माझ्या कानांवर हात ठेवले होते. मी ते काढून टाकले.

"ऐकून राहिली का?" ते ओरडले.

"हव!" मी म्हटलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही करायचं नव्हतं.

बाविसाव्या वर्षी शिकवण्या करून मी नागपूरच्या एका आर्केस्ट्रा पार्टीकडून जुना ड्रमसेट घेतला आणि अंगणात मांडला. नरहरी म्हणाला, "खिरवडकराची पोट्टी पाय फाकवून ढोल बडवून राहिली. लोकं काय म्हणतीन?" मी म्हटलं, "तू विचारून ये, तोवर मी वाजवते." तो विचारायला गेला नाही, शेजारून कुऱ्हाड घेऊन आला. दोन ड्रम त्यानं माझ्या डोळ्यांदेखत फोडले. तिसऱ्यावर कुऱ्हाड उचलली तेव्हा मी झांज काढून त्याच्या तोंडावर फेकली. त्याचं कपाळ उघडलं, सात टाके पडले. झांज पुढे जाऊन भिंतीवर आदळली आणि तडकली. बाबा खुर्चीतून उठले, आधी झांज उचलली, तडा बोटानं तपासला आणि म्हणाले, "याले वेल्डिंग नाही होत." मग ते मुलाकडे वळले.

नरहरीला माझ्याकडून याहून जास्त काही मिळू नये. त्यानं माझे ड्रम फोडले याचा राग आता उरलेला नाही. मी तुरुंगातून सुटून दारात उभी राहिले तेव्हा त्यानं आतून कडी लावली, याचा आहे.

कलम ३. 'घण' या रचनेच्या पहिल्या तीन भागांतला माझा अर्धा हक्क. हे कलम लांब आहे, कारण ज्या गुन्ह्याची मला शिक्षा झाली तो याच कलमात आहे.

श्रीपाद चिंचोळकर हे व्हायोलिनवादक. त्यांचं घर भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात आहे. सदर बाजारात सराफाच्या दुकानावरच्या माडीवर ते शिकवत. आवाज कधी चढवत नसत. २००९ मध्ये एका लग्नाच्या आर्केस्ट्रात ते बदली म्हणून आले. कार्यक्रम संपल्यावर माझ्यासमोर उभे राहिले.

"तुम्ही मधूनच दोन मारता, थांबता अन् मग एक मारता. हे कुठलं?"

"रेल्वेच्या कारखान्यातलं."

"त्याच्याखाली अठरा व्हायोलिनं ठेवली तर?"

"ऐकू येतीन का?"

"नाही येणार," श्रीपाद म्हणाला. "तेच तर पाहायचं आहे."

पाच वर्षं आम्ही ते पाहिलं. व्हायोलिनवाले चर्चमधून आले, दोन चेलो भिलाईहून, तुतारीवाले आणि पिपाणीवाले लग्नाच्या बँडमधून. स्वरलिपी श्रीपाद लिहायचा, घाव मी ठरवायची. माझे रॉकचे ड्रम तारांना गिळून टाकायचे. पायांखाली दोन मोठे ड्रम, हाताखाली पाच, वर झांजा. त्यापुढे अठरा व्हायोलिनं म्हणजे डासांची गुणगुण. आम्ही ड्रमवर घोंगड्या टाकून पाहिल्या, बारीक काड्यांनी वाजवून पाहिलं. एक दिवस श्रीपादनं माझ्याभोवती उभी करायला पारदर्शक प्लास्टिकची भिंत आणली. "मी काय मिठाई आहे का, काचेत ठेवायला?" म्हणून मी ती लाथेनं फोडली. तुकडा लागून त्याच्या पोटरीतून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी त्यानं सगळी वही खोडून नव्यानं लिहून आणली. आता माझ्या घावावर तारा गप्प राहणार होत्या आणि झांजेचा आवाज विरत जाईल तसतसा त्याच्या आतून त्यांचा सूर वर येणार होता. त्या दिवशी 'घण' झाला. हे डोकं श्रीपादचं आहे, माझं नाही, आणि हे मी शपथेवर लिहिते.

जानेवारी २०१५ मध्ये पहिला प्रयोग केला. निम्मे लोक मधूनच उठून गेले. उरलेल्यांतला एक म्हातारा, उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीत जन्म काढलेला, मंचापाशी येऊन छाती दाखवत म्हणाला, "दीदी, मोर छाती म अभी ले बाजत हे." त्याच्या छातीत ते अजून वाजत होतं. इतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

पुढच्या वर्षी श्रीपाद रेकॉर्डिंगसाठी बाहेरगावी गेला आणि परत आल्यावर मला टाळू लागला. सप्टेंबरमध्ये गंधालीनं फोन माझ्या कानाला लावला. "आत्या, ये तो आपका है ना? पर ये आप नहीं हो।" तारा आमच्याच होत्या, ड्रम मशीनचे. नाव एकट्या श्रीपादचं.

मी हायहॅटच्या, म्हणजे पायानं वाजणाऱ्या जोडझांजेच्या, स्टँडचा लोखंडी दांडा काढून घेतला आणि स्कूटरवरून सदर बाजारात गेले. सकाळचे अकरा वाजले होते. माडीवर श्रीपाद एकटाच होता. डावा हात टेबलावर टेकवून कागद सपाट करत होता.

"काहून केलं?" मी विचारलं.

"पद्मिनी, तू दर वेळी वेगळं वाजवतेस. रेकॉर्डिंगवाल्यांना दर वेळी तेच पाहिजे होतं. मी थकलो."

"अन् नाव?"

त्यानं टेबलावरचा हात उचलला नाही. मी मारलं. पहिला घाव घातल्याचं मला आठवत नाही. दुसरा आठवतो, हाड मोडल्याचं दांड्यातून माझ्या मनगटाला कळलं. मग मी थांबले. माझ्या तेव्हाच्या वकिलानं कोर्टात सांगितलं की सगळं रागाच्या एका झटक्यात झालं. ते खोटं आहे. मी थांबले, सात मोजले आणि तिसरा घाव तालात घातला. त्या सात आकड्यांत श्रीपाद माझ्याकडे पाहत होता. त्याला तो ताल ठाऊक होता. तिसरा येणार हे त्याला कळलं होतं.

दोन बोटं कापावी लागली. बाकीची वळत नाहीत. त्यानं पुन्हा व्हायोलिन धरलं नाही.

साक्षीला उभा राहून श्रीपादनं कोर्टाला सांगितलं की दुकानाचं शटर हातावर पडलं. पोलिसांनी उगीच बाईंना गुंतवलं, असंही तो म्हणाला. मी आरोपीच्या पिंजऱ्यातून ओरडले, "खोटं बोलून राहिला तो! मी मारलं! तीनदा मारलं!" माझा वकील डोकं धरून खाली बसला. बाहेर व्हरांड्यात पोलिसांच्या गराड्यातून मी श्रीपादला म्हटलं, "मले तुयी दया नको."

"दया नाही," तो म्हणाला. "मले दुसरी ड्रमवाली नाही."

मला दोन वर्षांची शिक्षा झाली. ती मी पुरी भोगली आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

वर लिहिलेला माझा अर्धा हक्क गंधालीला द्यावा. 'घण' कुणी वाजवला तर दोन्ही नावं लागली पाहिजेत आणि ड्रमवर माणूस बसला पाहिजे. मशीन लावणाऱ्यावर दावा करावा.

कलम ४. 'घण'चा चौथा भाग मी कुणाला देऊ शकत नाही, कारण तो माझा नाही. तरी लिहून ठेवते.

मी सुटल्यावर दीड वर्षानं श्रीपाद तेलीबांध्याच्या या फ्लॅटवर आला. उजव्या हातात वही होती, डावा खिशात. वही टेबलावर ठेवून म्हणाला, "वाच." अकरा मिनिटांची रचना. सगळ्या तारा, सगळे बँडवाले, एकमेकांवर चढत जाणारे. आणि ड्रमच्या ओळीत अकरा मिनिटांत फक्त तीन घाव. दोन लागोपाठ, सात मात्रा रिकाम्या, मग एक.

"हे काय आहे?"

"तुले माहीत आहे काय आहे ते."

मी न्हाणीघरात जाऊन ओकले. बाहेर येऊन त्याची कॉलर धरली आणि त्याला दारावर आपटलं. गंधालीला दिलेलं वचन मोडलं ते तेव्हा. "सूड घेऊन राहिला का माझ्यावर?" तो दाराला टेकून उभा राहिला. म्हणाला, "पाच वर्षं रोज ऐकतो मी हे. डोक्यातून जात नाही. बाहेर काढायचं तर वाजवूनच निघेल. अन् दुसऱ्या कुणी वाजवलं तर ते खोटं होईल." वही तिथेच ठेवून तो जिना उतरला.

वर्षभर मी ती उघडली नाही. मग सराव सुरू केला. पहिले दोन घाव जमत. त्यानंतर तारा चढत जात, मी मोजत जाई, आणि सातावर माझा हात वर राही, खाली येत नसे. एकदा नाही, चाळीस वेळा. व्हायोलिनवाले चुळबुळ करू लागले. श्रीपाद दर वेळी म्हणे, "पुन्हा पहिल्यापासून."

फेब्रुवारी २०२३ मध्ये नवा रायपुरात प्रयोग होता. श्रीपाद वाद्यवृंदासमोर उभा राहून उजव्या हातानं चालवत होता. पहिला घाव, दुसरा घाव. मी मोजायला लागले. पाचावर त्यानं डावा हात खिशातून काढला. इतक्या वर्षांत मी तो उघडा पाहिला नव्हता. तीन वाकडी बोटं आणि दोन खुंट. तो हात त्यानं माझ्याकडे रोखून वर धरला, इशारा देण्यासाठी. सातावर तो खाली आला आणि मी मारलं. आयुष्यात इतक्या जोरानं मारलं नव्हतं. ड्रमचं कातडं फाटलं. आवाज विरत गेला आणि त्याच्या आतून एक व्हायोलिन वर आलं, एकच. मी समोर पाहिलं. श्रीपाद रडत नव्हता, तो ऐकत होता.

कलम ५. माझा चालू ड्रमसेट, सात नग, झांजा आणि पायानं दाबायच्या दोन पट्ट्यांसह, रायपूरच्या तुरुंगातल्या स्त्रियांच्या विभागाला द्यावा. तिथे पहिल्या महिन्यात मी फुलेश्वरी नावाच्या बाईचा दात पाडला होता. दुसऱ्या महिन्यापासून तिलाच जेवणाच्या थाळीवर वाजवायला शिकवलं. तिच्या डाव्या हातात माझ्याहून जास्त वजन आहे. ती सुटली असेल तर वकिलांनी तिला शोधून सेट तिच्या घरी पोचवावा.

कलम ६. माझ्या अंत्ययात्रेत धुमाल, बँड, टाळ, काहीही वाजवू नये. कुणी हौसेनं आणलंच तर गंधालीनं परत पाठवावं. मला तेव्हा दुरुस्त करता येणार नाही.

कलम ७. श्रीपाद चिंचोळकर यांना मी काहीही देत नाही. याचं कारण कायद्याचं आहे. यशोधन बक्षी म्हणाले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये, आणि मला साक्षीदार म्हणून श्रीपादच पाहिजे. मी त्याच्याकडून जे घेतलं त्याच्या बदल्यात देण्यासारखं माझ्याजवळ काही नाही, हेही खरं. ते मी त्याच्या तोंडावर सांगितलं आहे. तो "हव" म्हणाला.

यावर वकिलांनी कपाळाला हात लावला. "ताई, ज्याचा हात तुम्ही फोडला तो तुम्ही शुद्धीत असल्याची साक्ष देणार? कोर्ट काय म्हणेल?"

मी म्हटलं, "कोर्टाला सांगा, मी शुद्धीवर केव्हा असते अन् केव्हा नसते हे याच्याएवढं जगात कुणालाच माहीत नाही."

श्रीपाद शेजारच्या खुर्चीवर बसला होता. म्हणाला, "बरोबर आहे. कुठं सही करू?"

सगळा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला, त्यांच्यासमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर खाली सह्या केल्या.

मृत्युपत्र करणार: पद्मिनी शामराव खिरवडकर (सही)

साक्षीदार १: डॉ. इरावती दाणी, रायपूर (सही). बाईंना मी आज सकाळी तपासलं. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार २: श्रीपाद चिंचोळकर, सदर बाजार, रायपूर (सही). शुद्धीत आहे. सोमवारी मी दवाखान्यात बसून राहीन.

स्थळ: तेलीबांधा, रायपूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५