सात नंबरचा बिल्ला

सांगली,
१४ सप्टेंबर १९९९

प्रिय मुकुल,

तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांची रांग. पुण्याच्या कंपनीला तू पसंत आहेस, पण आमच्याकडची नोकरी का गेली याचा खुलासा त्यांना हवा आहे. म्हणून ‘ती चूक मुकुलची नव्हती’ एवढी एक ओळ आपल्या कंपनीच्या कागदावर लिहून द्या म्हणतोस, तीही वीस तारखेच्या आत. एकच ओळ! किती लाजत लाजत मागितली आहेस. मी हे पत्र प्रिंटरवर छापते आहे आणि कागद कोरा आहे. माझ्या अक्षराचं तू फार कौतुक करायचास, म्हणून आधीच सांगून टाकलं.

मलकापूरच्या क्लासमध्ये तू पोरांना टायपिंग शिकवतोस हे राजेश्वरीकडून कळलं होतं. ती अजून तुझी बाजू घेते. चहा घेताना तुझ्या नकला करून दाखवते. विश्रामबागचं ऑफिस आता दुप्पट झालंय. खालचा घड्याळवाला गेला, त्याची जागाही आम्हीच घेतली. तुझ्या खिडकीपाशी झेरॉक्स मशीन ठेवलंय.

आठवतं, आपण चौघंच होतो. तू, मी, देवदत्त आणि राजेश्वरी. हळदीचे व्यापारी हंबीरराव यांचे सौदे संगणकावर लावायचं काम मिळालं तेव्हा इंटरनेट म्हणजे काय ते आपल्यालाही धड माहीत नव्हतं. पडद्यावरचं पान राजेश्वरीचं, तळाचा डेटाबेस देवदत्तचा आणि मधला सगळा प्रोग्राम तुझा. हंबीररावांनी तेव्हा जुन्या व्यापाऱ्यांची रीत सांगितली होती. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा, शेजारच्याला पत्ता लागता कामा नये. तूच म्हणालास, आपण संगणकात तो रुमाल विणायचा. ज्याची बोली, ती फक्त त्यालाच दिसेल. त्या एका ओळीसाठी तू आठवडा घातलास. इतकी सुरेख ओळ मला कधी लिहिता आली नाही, आणि तेव्हापासून तू मला खुपायला लागलास.

मग गोंधळ सुरू झाला. एकाने केलेलं दुसरा पुसायचा. म्हणून मी नियम केले आणि तुम्ही मला हेडमास्तरीण म्हणायला लागलात. पहिला, फाईलला घरच्या माणसांची नावं द्यायची नाहीत. तू बोलींच्या फाईलला आईचं नाव दिलं होतंस, गोदावरी. मी ते बदलून ‘बोली३’ केलं. तू हसलास, पण कान लाल झाले होते तुझे. ते बघायला मला बरं वाटलं होतं. दुसरा नियम बिल्ल्यांचा, ती कल्पना मात्र तुझी. म्हसवडच्या यात्रेत तुझे नानासोमामा चप्पल स्टँड चालवायचे, त्यांचे जुने पत्र्याचे बिल्ले तू पिशवीभर आणलेस. प्रत्येक फाईलचा एक बिल्ला, भिंतीवर खिळ्याला टांगलेला. फाईलला हात लावायचा तर बिल्ला आपल्या टेबलावर आणायचा, काम झालं की परत टांगायचा. ‘बोली३’चा बिल्ला सात नंबरचा. त्यावर मी दोन नियम जोडले. तिसरा, बिल्ला ज्याच्या टेबलावर, चूक त्याची. आणि चौथा, फाईल उघडणाऱ्याने वहीत सही करायची, सही नसेल तर ते काम झालंच नाही असं समजायचं. चौथ्यावर तू टाळ्या वाजवल्या होत्यास.

त्या दिवशी अकरा वाजता सगळे व्यापारी यायचे होते. सकाळी सात नंबर तुझ्या टेबलावर होता, वहीत तुझी सही होती. तू हंबीररावांना आणायला एस. टी. स्टँडवर गेलास. व्यापाऱ्यांची नावं ओळीने लागावीत म्हणून देवदत्तने तुझी फाईल उघडली. बिल्ला नाही, सही नाही. नावं लावताना त्याने तुझी ती ओळ उडवली. अकराला पडद्यावर प्रत्येकाची बोली प्रत्येकाला दिसली. कोण किती पाण्यात आहे ते साऱ्या बाजाराला कळलं. हंबीरराव उभे राहून म्हणाले, “आवं, रुमालच वढून घेतला की तुमी! आता बाजारात तोंड कसं दावू आमी?” त्यांचं काम आपल्या हातून गेलं. चार वाजता तुझी नोकरी गेली.

तू भांडला नाहीस. ‘बिल्ला माझ्याकडे होता, नियम म्हणजे नियम,’ असं म्हणालास. मग एकदाच विचारलंस, ‘माझ्यामागे फाईल कुणी उघडली होती का?’ देवदत्त नखं बघत होता. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी वही चाळली. वहीत तुझ्याशिवाय कुणाचीच सही नव्हती, तसं मी मोठ्याने वाचून दाखवलं.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ‘तुम्हाला त्या दिवशी काही माहीत असतं तर तुम्ही गप्प बसला नसता.’ ते वाचून मी हे लिहायला बसले. मुकुल, देवदत्त तुझ्या खुर्चीत बसला तेव्हा त्याचा चहा मी नेऊन दिला होता. तो काय करतोय ते मी बघितलं होतं. आमचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं, हे एक कारण. तू गेलास तर बरं, हे दुसरं, आणि खरं तेच. येत्या महिन्यात आम्ही अमेरिकेला निघतोय. तिथल्या नोकरीच्या त्याच्या अर्जात बोलींचा प्रोग्राम त्याने केला असं लिहिलंय, अर्ज मीच तपासला. तुझी ओळ मी देणार नाही. तू मला भली बाई समजत राहावंस, एवढंही तुझ्याकडे राहू द्यायची माझी तयारी नाही. हा कागद पुण्याला दाखवायचा मनात येईल, तर खुशाल दाखव. असं पत्र कुणीही छापू शकतं, तूसुद्धा. मिरजेच्या पेटीत टाकते आहे, म्हणजे पोस्टाचा शिक्काही इथला नसेल. खाली नाव शोधू नकोस, चौथा नियम तुला पाठ आहे.

तुझीच,