डाव्या कोपऱ्यातला हात

कामतघर, भिवंडी
ता. ६ जानेवारी २००४

चि. विठूभाऊजी यांस कमळवहिनीचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र पाहून कपाळाला आठी पडेल, तरी पुरतं वाचा. मी अक्षरं तुमच्या भावाच्या वर्तमानपत्रात, खेळाच्या पानावर शिकले, तेव्हा वळणाला हसू नका. आपली पोर मृणाली काल्हेरच्या गोदामात कामाला लागली. घर चाललंय.

ह्यांना जाऊन वर्ष होतंय. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. पोरीला सांभाळू असा सगळ्यांनी शब्द दिला, तरी तो फांदीवरून हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. लोक म्हणाले, हिरामणला भाऊ हवाय. एका कबड्डीच्या सामन्यापायी तुम्ही ह्यांच्याशी बोलणं टाकलंत, मयतालाही आला नाहीत. पंचवीस तारखेला कामवारीच्या काठी वर्षश्राद्ध आहे. या.

लोभ आटला असेल, पण विहिरीच्या तळाला असतो तेवढा तरी असू द्या.
कमळ

पेण
ता. १४ जानेवारी २००४

गं. भा. वहिनीस विठूचा सा. न.

वि. वि. तुमचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. वर गं. भा. लिहिताना माझाच हात अडला.

मी येणार नाही. गिरणीच्या संघात आम्ही दोघं पगारावर खेळायचो. ढाल आणा, दोघांना कायम करतो, असं साहेब म्हणाले होते. अंतिम सामन्यात गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई काल्हेरच्या दौलतची. डाव्या कोपऱ्यात दादा, शेजारी मी. दौलत हात फिरवून रिकामा परतला. पंचांनी काहीच दिलं नाही. तेवढ्यात दादाने आपणहून हात वर केला आणि बाद म्हणून बाहेर गेला. एका गुणाने हरलो.

मी हातभर अंतरावर होतो. त्याला कोणी शिवलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, लागला रे विठ्या. त्याला हरिश्चंद्र व्हायची हौस, आणि भोगलं मी. कामावरून दोघंही गेलो, माझं ठरलेलं लग्न मोडलं. कावळ्याला सांगा, विठू येत न्हाय.

तुमच्यावर माझा राग नाही, तुमचाही नसावा.
विठू

कामतघर
ता. १९ जानेवारी २००४

चि. विठूभाऊजी यांस आशीर्वाद.

वि. वि. पत्र वाचून मी काल्हेरला दौलतकडे गेले. आता त्यांच्या शेतात गोदामं उभी आहेत आणि गुडघा वाकत नाही. मी सरळ विचारलं, माझ्या माणसाला तुमचा हात लागला होता का? त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, बोटाला अंग लागलं की वारं, ते मलाच कळलं नाही. परत फिरलो तर हिरामणचा हात वर. तेव्हापासून आपण जिंकलो म्हणताना जीभ अडते. श्राद्धाला येऊ का, असं त्यांनीच विचारलं. मी हो म्हटलं.

टाचेला नख लागलं, एवढंच हे म्हणायचे. तुमचा डोळा खरा की ह्यांची टाच, मला ठरवता येत नाही. मी तिथे नव्हते. शिव्या द्यायच्या असतील तर काठावर येऊन द्या. हे ऐकून घेतील, उलट तर बोलणार नाहीत.

रागासकट या, आम्हाला चालेल.
कमळ

कामतघर
ता. २७ जानेवारी २००४

चि. विठूभाऊजी यांस आशीर्वाद.

वि. वि. परवा पान ठेवलं आणि आम्ही मागे सरलो. कावळे होते, उतरत नव्हते. मृणाली रडायला लागली. तेव्हा दौलतनी मला खुणेने पुलाकडे दाखवलं. पांढरी टोपी, एक खांदा खाली. चालीवरून तुम्हाला कोणीही ओळखेल.

तुम्ही हात वर केलात. सरळ, खांद्यातून, ह्यांच्यासारखा. मग वळून गेलात, जसा बाद झालेला गडी जातो. डोळ्यावर ऊन आलं होतं म्हणालात तरी मी वाद घालणार नाही. पण ऊन तुमच्या पाठीला होतं.

कावळा मागाहून उतरला. तुमच्या हातामुळे, असं मी म्हणत नाही.

तुमचं पान वाढलेलं होतं. ते दौलतनी संपवलं, आणि पुढच्या वर्षी तुमच्यासाठी आपल्या शेजारी दुसरं वाढा म्हणाले.

येणंजाणं सुरू व्हावं, एवढंच मागणं.
कमळ