साहेबांनी जागा केली

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा साष्टांग नमस्कार. तुमची कंबर, मामींचा खोकला आणि गच्चीवरची झाडं आता सुधारली असतील अशी आशा करते. इकडे माझी तब्येत ठणठणीत, डोकं मात्र ठिकाणावर नाही. पत्र हाताने लिहिलेलं पाहून नवल वाटेल. पण लॅबची ई-मेल बंद पडली आहे, आणि माझा फोन आला की लॅबचंच रडगाणं असणार म्हणून तुम्ही तो उचलत नाही (तुमचं काही चुकत नाही, मी तर फोनच फेकला असता).

तर रडगाणं ऐका. तुम्ही उभा केलेला क्लाउड आडवा झाला, आणि त्याचं श्रेय एकट्या साहेबांचं. (मामींचे धाकटे बंधू म्हणून आजवर जीभ आवरली, आज आवरणार नाही.) ओपन सोर्स म्हणजे काय, हे तुम्ही त्यांना अर्धा दिवस समजावलं होतं. सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, सगळ्यांना खुलं, पण सांभाळायला माणूस आणि डिस्का लागतात. त्यातून त्यांनी एकच शब्द ऐकला, तोही तुम्ही न उच्चारलेला: फुकट. तेव्हापासून आपल्या कवळ्यांच्या लॅबचा सगळा संसार एका मोठ्या कम्प्युटरच्या पोटात आहे, तोच आपला क्लाउड. आत सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे स्वतःला खरा कम्प्युटर समजणारे सहा जण (स्वतःला कोणीतरी समजण्याची ही साथ वरच्या मजल्यावरून, साहेबांच्या केबिनमधून आली असावी). त्यातल्या एका मशीनमध्ये गावभरच्या बोळक्यांचे स्कॅन.

निवृत्तीच्या आठवड्यात तुम्ही त्या मशीनची पूर्ण प्रत घेऊन ठेवलीत. त्यानंतर रोज रात्री आपोआप घेतली जायची ती फक्त बदलांची प्रत. परगावी गेलेल्या माणसाने पहिल्या पत्रात अख्ख्या घराचं वर्णन करावं आणि पुढे रोज कळवावं, आज दोन जबडे नवे आले, बाकी पूर्वीप्रमाणे, तसं. दुसरी पूर्ण प्रत घ्यायला जागा नव्हती, आणि जागेसाठी डिस्क मागितली की साहेब छताकडे बघायचे. शेवटी प्रतींची डिस्क भरली. मी एका दवाखान्यात स्कॅनर बसवायला गेले होते, तेव्हा साहेब स्वतः खाली उतरले आणि खुर्चीत बसून यादी बघू लागले. सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जाडजूड अशी एक प्रत त्यांच्या नजरेत भरली. सॉफ्टवेअरने नम्रपणे कळवलं की हिच्यावर पुढच्या सगळ्या प्रती उभ्या आहेत, ही पुसता येणार नाही. त्यावर साहेब (ताईंनी नंतर सांगितलं, त्या शेजारीच कवळीची डिझाइनं करत होत्या) म्हणाले, "फुकटातलं आहे, कुरकुरणारच!" आणि सॉफ्टवेअरला वळसा घालून थेट डिस्कवर जाऊन त्यांनी ती प्रत स्वहस्ते पुसली. मी परतले तर हात झटकत उभे. जागा केली म्हणाले. कुठून केली, हे विचारायचं मला सुचलं नाही, कारण साहेबांनी काहीतरी काम केलं हाच धक्का मोठा होता.

आणि दोनच दिवसांत, स्कॅनचं मूळ मशीन ज्या डिस्कवर होतं तीच उडाली. मी निवांतपणे प्रती काढल्या. सगळ्या एकजात हजर, आणि प्रत्येकीचं म्हणणं एकच: बाकी पूर्वीप्रमाणे. पूर्वी काय होतं ते सांगायला कोणी शिल्लक नाही. साहेबांनी एक तज्ज्ञ बोलावला. त्याने दोन कप कॉफी प्यायली, प्रती घेऊन ठेवायला हव्या होत्या असं सांगितलं, बिल ठेवलं आणि गेला. बाहेर काउंटरवर एक निवृत्त न्यायाधीश कवळी मागत रोज तासभर ओरडतात. त्यांचा राग आम्हाला समजतो, शब्द समजत नाहीत. आणि साहेबांनी माझ्या नावाने खुलासा टाइप करून माझ्याच टेबलावर ठेवला आहे, की हे सर्व माझ्या निष्काळजीपणामुळे झालं. सोमवारी सही करायची, म्हणजे मंगळवारपासून मी घरी. मामा, ही नोकरी मला आवडते हो. साहेब सोडून सगळी आवडते.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार, झाडांना पाणी.

तुमची (सोमवारपर्यंत नोकरीत असलेली)
भाची

ता. क. निवृत्त होताना त्या पूर्ण प्रतीची एक नक्कल तुम्ही स्वतःच्या काळ्या डिस्कवर घरी नेली होतीत. मागच्या खेपेला ती मी मामींच्या शिवणयंत्राच्या डुगडुगत्या पायाखाली पाहिली. मामींना म्हणावं, शिवण थांबवा. पायाखाली दुसरं काहीही घाला (साहेबांचा फोटो चालेल). शनिवारी मी स्वतः न्यायला येते.

आणखी एक ता. क. साहेबांची चांगली जिरू दे, मी कशाला डिस्क देऊ, असं मनात येईल. म्हणून कळवते की तुमच्या नव्या वरच्या कवळीचा स्कॅनही त्याच मशीनमध्ये आहे. मऊ भात किती दिवस खाणार ते तुम्हीच ठरवा.

शेवटचा ता. क. पाकीट बंद करतेय तोवर साहेब डोकावले. पहिली प्रत सापडण्याची आशा आहे, असं मी त्यांना सांगितलं. विचारतात, ती तर जुनी असेल ना? मामा, मी येण्याआधी त्या डिस्कची आणखी एक नक्कल काढा आणि ती पुन्हा शिवणयंत्राखालीच घाला. मामींच्या पायाखालची वस्तू हलवायची त्यांच्या धाकट्या भावाची अजून हिंमत झालेली नाही.