दाबलं की होडी हलायला हवी

आई, तुझ्याशी भांडायचं आहे म्हणून लिहायला बसले. या वेळी तू मधेच तोडून बोलणार नाहीस, एवढंच काय ते माझ्या फायद्याचं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुझा एक नियम आपल्या घरात ठाण मांडून बसलाय, आणि गेले काही महिने मी त्याच्याशी झुंजतेय. हे देवनागरीत लिहिलेलं बघून तू नाक मुरडशील. आपण मराठी बोलायचो घरभर, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरांत लिहायचो. ही लिपी आणि हे पुण्याकडचं बोलणं मला तिथल्या बँकेतल्या नोकरीने चिकटवलं. तंजावूरला परत येऊनही ते सुटलं नाही. अप्पा म्हणतात, ही घरात बोलते की बातम्या वाचते तेच कळत नाही.

आधी बातमी सांगते. अप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं आणि ताठा तर त्याहून शाबूत. पाय हळूहळू परत आला, काठी टेकत फाटकापर्यंत जातात. हात मात्र राहिला. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते, फार गुणी आहे, तिने मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की एकेक बोट वेगळं हलायला लागलं पाहिजे, आणि ते याच काही महिन्यांत. नंतर जे राहील ते तसंच राहील. तिने दाबायला रबरी चेंडू दिला. अप्पांनी तो शेजारच्या कुत्र्याला दिला. "जन्मभर मी कावेरीचं पाणी कालव्या-कालव्यांत वाटलं, आता चेंडू पिळत बसू की काय?" असं वर ऐकवलं. मी चिडले, ओरडले, रडलेसुद्धा. ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

एकेक बोट वेगळं, हे ऐकल्यापासून मात्र तू डोक्यातून हलत नव्हतीस. आपली पुढची खोली, तुझा टायपिंगचा क्लास, त्यात ओळीने मांडलेले टाइपरायटर, आणि प्रत्येकाच्या किल्ल्यांवर तू शिवलेली कापडाची झालर, म्हणजे मुलींना बोटं दिसू नयेत. सकाळी पापनाशमच्या गाडीने येणाऱ्या मुली चपला दाराशी काढतात आणि तू कॉफीचा टंबळर हातात धरून त्यांच्या पाठीमागून फिरतेस. अक्षर उठलं नाही म्हणून कुणी यंत्राकडे बोट दाखवलं की तू ठरलेलं बोलायचीस, "मशीनला नावं ठेवू नकोस. बोट उचल." मग ती वर्षं आली, सगळं खुलं झालं म्हणायचे ती. गल्लोगल्ली कम्प्युटर शिकवण्याचे फलक लागले आणि पापनाशमच्या मुली गाडीतून उतरून तुझ्या दारावरून तिकडे जाऊ लागल्या. तू त्यांना अडवलं नाहीस. मद्रासहून सुटे भाग जोडून बनवलेला एक कम्प्युटर मागवलास, टाइपरायटरांच्या मधोमध ठेवलास, आणि त्याच्याही कीबोर्डला झालर शिवलीस. मी म्हटलं, कम्प्युटरला झालर कुणी लावतं का? तू म्हणालीस, बोटं तीच आहेत ना.

अप्पांच्या कचेरीतही कम्प्युटर आला होता आणि सगळ्यांनी शिकायचं असा हुकूम निघाला होता. अप्पा एका बोटाने टाइप करायचे, तेही शिक्का मारल्यासारखं. तू शिकवायला बसलीस की त्यांना नेमकं कुठल्या तरी गावचं पाणी सोडायला जायचं असायचं. आणि तेच एक दिवस तिरुचीहून तुला भेट म्हणून एक सीडी घेऊन आले, मोटारहोड्यांच्या शर्यतीचा गेम. "तुझ्या मशीनला थोडी मजा तरी करू दे," म्हणाले. दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळायचा, पडद्याचा वरचा अर्धा भाग एकाचा, खालचा दुसऱ्याचा. तू काय केलंस, तर बाणांच्या किल्ल्या बंद करून टाकल्यास. डाव्या हाताची चार बोटं तुझी, उजव्या हाताची चार अप्पांची, टाइपिंगला ठेवतो तश्शीच. तर्जनीने डावीकडे, मधल्या बोटाने उजवीकडे, अनामिकेने वेग कमी, करंगळीने वेग जास्त. करंगळी सर्वांत आळशी म्हणून तिला सर्वांत जास्त काम. भेट आणणारा माणूस असा बरोबर सापळ्यात सापडला.

मी जेवणाची पानं मांडून हाका मारतेय आणि तुम्ही दोघं उठत नाही, हे मला आत्ता समोर दिसतंय. अप्पा खेळण्यापेक्षा टीका जास्त करतात. "हे पाणी चढावर चाललंय बघ. मदगुचं दार उचललं नाही, मग इतकं पाणी आलं कोठून? ज्याने हे चित्र काढलं त्याने कालवा पाहिला नाही." तू म्हणतेस, "अहो, कालवा राहू द्या, होडी काठाला लागली." ते म्हणतात, "मी दाबलं होतं. तुझं मशीनच हळू आहे." आणि तू, पडद्यावरून नजर न हलवता, पुन्हा तेच: मशीनला नावं ठेवू नका, बोट उचला. ते कुरकुरत उचलायचे. कचेरीत पुढे सगळ्यांत भराभर तेच टाइप करू लागले आणि तुझा नियम त्यांच्या हाडीमाशी खिळला. त्यांच्यापुरतं तेव्हापासून ठरून गेलं की यंत्र कधी चुकत नाही, चुकतं ते बोट.

म्हणून मी ती सीडी शोधली. तुझ्या परीक्षेच्या कागदांच्या पेटीत होती. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची सोयच नाही, त्यासाठी वेगळी डबी आणली. अप्पांना नीट दिसावं म्हणून लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडला, किल्ल्या तू लावल्या होत्यास तशाच लावल्या, त्यांचा उजवा हात उचलून कीबोर्डवर ठेवला. बोटं आपोआप आपापल्या जागी गेली, आई. मला इतका आनंद झाला की मी हसायलाच लागले. आणि मग गेम सुरू झाला आणि होडी अडखळायला लागली. थोडी सरकायची, थबकायची, मग एकदम कुठल्या कुठे. अप्पांनी जीव खाऊन तर्जनी दाबली. बोट खाली गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. होडी मात्र ढिम्म. ती वळली तोवर काठावर आपटलीसुद्धा होती. अप्पांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाले, "पोदुम, पुरे. हात मेलाय." मी म्हटलं, अप्पा, हात चालला, हे मशीन हळू आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लहान मुलाची समजूत काढतेय. "तुझ्या आईसमोर बोलून बघ असं," म्हणाले.

आता कळलं ना, भांडण कशाचं आहे? त्या वेळी यंत्र निर्दोष होतं, मान्य. या वेळी सगळा दोष यंत्राचा होता आणि अप्पा अपराधी ठरवत होते स्वतःच्या हाताला, तेसुद्धा तुझ्या शब्दांत. नुसतं सांगून ते ऐकणार नव्हते. दाबल्या क्षणी होडी हलली पाहिजे, तरच त्यांचा हात निर्दोष सुटणार होता. मी ठरवलं, हे मी दुरुस्त करणारच. मी काही इंजिनियर नाही, कर्जाचे अर्ज तपासणारी बाई. पण रोज पहाटे उठून, बँकेत जायच्या आधी, मी त्या गेमला बसू लागले. हा गेम जुन्या विंडोजचा आहे असं समजायला लाव, असं आधी लॅपटॉपला सांगून पाहिलं. गेम उघडलाच नाही. रंग कमी करून पाहिले. नदी जांभळी झाली आणि थबकणं तसंच. लॅपटॉपमधलं भारी ग्राफिक्स कार्डच वापर असं बजावून पाहिलं. पंखा घोंघावला, होडी जागची हलली नाही. एवढं ताकदवान मशीन आणि त्याला तीस वर्षांपूर्वीची चिमुकली होडी ओढवेना, याचा मला इतका संताप यायचा की इडली चटणीशिवायच गिळून मी कामावर जायचे.

मग वाचता वाचता कारण कळलं. हा गेम चित्र काढण्याचे हुकूम ज्या जुन्या पद्धतीने देतो ती नव्या विंडोजला धड येतच नाही. विंडोज बिचारी प्रत्येक हुकूम अडखळत, ग्राफिक्स कार्डाला न विचारता, स्वतःच पुरा करत बसते. त्यावर उपाय म्हणून कुणा भल्या लोकांनी एक छोटी फाइल लिहून ठेवलीय. ती गेमशेजारी ठेवली की जुने हुकूम कार्डाला कळतील अशा भाषेत सांगते. म्हणजे दुभाषी. आपल्यासारख्या घरात हे समजायला कितीसा वेळ लागणार? आजी मराठीत बोलायची, दारचा भाजीवाला तमिळमध्ये, आणि मधे मी उभी असायचे. ती फाइल ठेवली आणि होडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. मी धावत अप्पांना बसवलं. त्यांनी दाबलं. होडी सुरेख चालली होती, पण वळली उशिरा. थोडीशीच उशिरा, पण तेवढं त्यांना पुरे होतं. त्यांनी काठी मागितली.

मी इतकी पेटले की त्या दिवशी बँकेत रजा टाकली. खाली बसून स्वतःच्या धडधाकट बोटाने दाबून पाहू लागले, एकदा टीव्हीकडे बघत, एकदा लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत. लॅपटॉपवर होडी लगेच वळत होती. टीव्हीवर उशिरा. एकच चित्र, दोन वेगवेगळ्या वेळी. उशीर तो टीव्ही करत होता, आई. आलेलं प्रत्येक चित्र तो आधी सजवत बसायचा, रंग चढव, कडा घास, आणि मग दाखवायचा. मी मेली आठवडेच्या आठवडे लॅपटॉपला शिव्या घालत होते. टीव्हीत शोधलं तर गेमसाठी वेगळी सोय दिलेली, ती चालू केली की सजावट बंद. मी चालू केली, किल्ली दाबली, आणि दाबताक्षणी होडी वळली.

अप्पांना काही समजावलं नाही. म्हटलं, या, बसा. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले आणि माझी बोटं तुझ्या चार किल्ल्यांवर ठेवली. त्यांनी तर्जनी दाबली आणि होडी वळली. ते थांबले. पुन्हा दाबली, पुन्हा वळली. मधलं बोट, उजवीकडे. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "मग इतके दिवस माझं बोट चालत होतं?" मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून. त्यांनी बोटं परत किल्ल्यांवर नीट ठेवली आणि ते म्हणाले, "सरी. लाव शर्यत." करंगळी काही केल्या खाली जाईना. गेलीच तर अनामिका सोबत घेऊन जायची आणि होडी एकाच वेळी पळायची नि थांबायची. ते घामाघूम झाले, पण उठले नाहीत. तेव्हापासून रोज बसतात, बँकेतून यायला मला उशीर झाला की फाटकाशी उभे असतात. ती व्यायामाची मुलगी त्यांची बोटं एकेक करून तपासते आणि मला डोळ्यांनी खूण करते.

या नियमापुरती तू हरलीस, एवढं ऐकवायला हे लिहिलं. पाठवायचं कुठे, ते तुलाही सांगता येणार नाही. पण एक गोष्ट अप्पांना सांगितली नाही, ती तुला सांगते. काल मी मनाशी ठरवून बसले होते की शेवटच्या वळणावर काठावर आपटायचं आणि त्यांना जिंकू द्यायचं. होडी आपटायची जागासुद्धा हेरून ठेवली होती. त्या वळणाला मी पोचायच्या आत त्यांची करंगळी एकटीच खाली गेली आणि ते पुढे निघून गेले. मग मी खरोखर जिवाच्या आकांताने दाबत होते, आई, आणि तरीही मला त्यांना गाठता आलं नाही.